फिस्कालच्या खिशातले सात वाटाणे

बौदिलियो एरास्मो कार्कामो वेंतेओ. जन्म ४ मार्च १९०९, मृत्यू १९ ऑगस्ट १९७८. दोन्ही चिलीतील चिलोए बेटावरच्या तेउपिल गावी. पाद्री वर्षातून एकदा होडीने येत. एरवी चॅपेल उघडणे, प्रार्थना सांगणे, मृतांना निरोप देणे ही कामे गावच्या फिस्कालकडे असत आणि बौदिलियो एकतीस वर्षे फिस्काल होता. पुढील हकिकत मात्र त्याची पत्नी ओर्फेलिना हिने जे पाहिले, त्यावरून लिहिली आहे.

एकदा विजारीला ठिगळ लावताना तिला उजव्या खिशात पाच आणि डाव्या खिशात दोन सुके वाटाणे सापडले. तिने ते होते तसेच ठेवले. दुसऱ्या दिवशी पाहते तो उजवीकडे तीन, डावीकडे चार! ओर्फेलिनाला चैन पडेना. तिने विचारलेच.

तो लाजला. "सकाळी सातही उजवीकडे असतात. माझी मर्जी सोडून देवाची चालू दिली, की एक डावीकडे जातो."

"अगं बाई! मला वाटलं, पेरायचे राहून गेले."

त्या दिवसापासून ती पाळतीवर राहिली. शिंपल्यांच्या रश्शात तिने मुद्दाम दुप्पट मीठ घातले. त्याने निमूटपणे वाटी संपवली आणि हात खिशात गेला. चॅपेलमध्ये कोणी बेसूर गायले की हात खिशात. परंतु कोणत्या शेतात बटाटे लावायचे, कोणाशी बोलायचे, कोणाशी नाही, अशा मोठ्या गोष्टींत वाटाणे जागचे हलत नसत.

"तुमच्या देवाला नेमकं तुमच्यासारखंच कसं हो आवडतं?" तिने एकदा विचारले. तो काही बोलला नाही. न बोलल्याबद्दलही त्याने एक वाटाणा डावीकडे टाकला.

१९६० च्या भूकंपात किनारा खचला आणि भरतीचे पाणी घराच्या उंबऱ्याला लागू लागले. ओंडक्यांवर चढवून घर बैलांनी ओढून न्यायचे ठरले. कोठे? "टेकडीवर, चॅपेलशेजारी. देवाची तशी इच्छा आहे," बौदिलियो म्हणाला. ओर्फेलिनाला ते भावाच्या कुंपणालगत हवे होते. परंतु तिचा भाऊ एलेउतेरियो आणि नवरा एका डुकरावरून अकरा वर्षे एकमेकांशी बोलत नव्हते आणि तितकीच वर्षे ती माहेरच्या चुलीपाशी बसली नव्हती.

अशा कामासाठी घरमालकाने टोपी हातात घेऊन दारोदार विनंती करायची असते. विनंती केली तर कोणी नाही म्हणत नाही; न केली तर कोणी येत नाही. बौदिलियो बावीस दारी उभा राहिला. तेविसावे दार त्याने टाळले.

बैलांच्या नऊ जोड्यांनी घर टेकडीच्या पायथ्यापर्यंत, एलेउतेरियोच्या शेतापाशी आणले. तेथे बैल गुडघ्यांवर आले, दोर ताणले गेले, घर मात्र तसूभरही हलेना.

बैलांचा म्होरक्या सेर्वांदो घाम पुसत म्हणाला, "फिस्कालसाहेब, एलेउतेरियोची जोडी आली नाही, तर हे घर इथंच नाताळ करणार बघा!" सगळे हसले.

बौदिलियोचा हात खिशात गेला. ओर्फेलिना बटाट्याच्या भाकरीची परात घेऊन जवळच उभी होती. आता हा उद्यावर ढकलणार आणि तीही देवाचीच इच्छा ठरणार, हे तिला दिसू लागले.

"त्या वाटाण्यांना काय विचारता? ते कधी बोललेत का?"

त्याने हात बाहेर काढला. तो रिकामा होता. त्याने एकदा चॅपेलच्या मनोऱ्याकडे पाहिले. मग म्हणाला, "ओर्फेलिना, तुला घर कुठं हवं?"

अठ्ठावीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न तिने प्रथमच ऐकला. उत्तराचे हा काय करतो, याचेच तिला कुतूहल वाटले. तिने बोट दाखवले. "तिथं. भावाच्या कुंपणाला लागून."

त्याने टोपी काढली आणि तो चालू लागला. ऐकू यावे म्हणून दहा पावलांवरून तीही मागोमाग गेली.

एलेउतेरियो दारातच उभा होता. "दाजी, शंभर पावलं चालायला अकरा वर्षं लागली?"

"चढ होता."

"चढ? सगळं सपाट तर आहे!"

"मला होता. तुझे बैल हवेत, एलेउतेरियो. आणि कुंपणालगतची जागा. तुझ्या बहिणीला हवी आहे."

"आणि तुम्हाला?"

"मला टेकडी हवी होती."

"खोटं बोलला असता, तर बैल सोडले नसते." एलेउतेरियोने जू उचलले.

"डुकराच्या बाबतीत मात्र चूक तुझीच होती."

"डुक्कर कधीच मेलं, दाजी. चला."

ती जागा १९६३ साली दोन साक्षीदारांसमक्ष ओर्फेलिनाच्या नावे झाली. फिस्काल अखेरपर्यंत रोज अर्धा तास चढून चॅपेलला जात असे. रिवाजाप्रमाणे त्या जोडीच्या बदल्यात एक दिवसाचे काम करून द्यायला हवे होते. एलेउतेरियोने ते मागितले नाही, तेवढे देणे राहिले. बौदिलियो वारला, त्या दिवशी डाव्या खिशात सहा वाटाणे निघाले आणि उजव्यात एक. हा कशाचा राहिला असावा, असे ओर्फेलिनाने भावाला विचारले.

"डुकराचा," एलेउतेरियो तत्काळ म्हणाला.