रायपूरची सावली गेली तेव्हा पाहुणे भाषण करत होते

मे महिन्याच्या शेवटी रायपूरला जाते म्हटल्यावर अमरावतीत सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. माझं औषधांचं दुकान आहे, शेजारी डॉक्टर बसतात. ते म्हणाले, "ऊन खायला अमरावती कमी पडते काय?" पण माझी मावसबहीण सुषमा रायपूरला विज्ञान शिकवते आणि तिनं फोनवर जे सांगितलं, त्यानं मी तिकीट काढलं. "ताई, आमच्या इथं एक दिवस दुपारी सावलीच गायब होते. पोट्ट्यांना घेऊन पृथ्वी मोजून राहिली मी. ये तू."

बडनेऱ्याहून हावड्याकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या रायपूरला थांबतात. दिवसाची गाडी घ्या. गोंदियानंतर जंगल लागतं आणि डोंगरगडचं टेकडीवरचं देऊळ डब्यातूनच दिसतं. पाणी भरपूर ठेवा. स्टेशनबाहेर ई-रिक्षा मिळतात, भाव मात्र आधी ठरवा.

सुषमाचं घर गुढियारीत, रेल्वेच्या रुळांजवळ. तिचे सासरे भंडाऱ्याहून रेल्वेच्या नोकरीत आले आणि इथलेच झाले. सकाळी तिनं बोरे-बासी पुढं ठेवली, म्हणजे रात्रभर पाण्यात ठेवलेला भात, वर कांदा आणि चटणी. या उन्हात याहून चांगलं काही नाही. हॉटेलांत शोधू नका, कोणाच्या तरी घरी मागून खा.

जेवताना तिनं मला एराटोस्थेनिस समजावला. हा दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचा ग्रीक विद्वान, राहायचा इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात. त्यानं ऐकलं, की दक्षिणेकडच्या एका गावात वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी भर दुपारी ऊन थेट विहिरीच्या तळाशी पोचतं. म्हणजे तिथं सूर्य बरोबर डोक्यावर. पण त्याच वेळी अलेक्झांड्रियात सावली पडते. त्यानं त्या सावलीचा कोन मोजला. तो पूर्ण वर्तुळाचा साधारण पन्नासावा भाग निघाला. मग दोन गावांतल्या अंतराच्या पन्नासपट पृथ्वीचा घेर! गाव न सोडता या माणसानं पृथ्वी मोजली.

"आमच्याकडे विहिरीच्या जागी रायपूर," सुषमा म्हणाली. "अन् अलेक्झांड्रियाच्या जागी जगदलपूर. जवळजवळ सरळ दक्षिणेला आहे ना. तिथं माझी मैत्रीण फुलेश्वरी मीटरभर काठी लावून बसली आहे."

शाळा बीरगावच्या बाजूला, उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांजवळ. खासगी आहे, नाव लिहीत नाही. सुट्टीतल्या शिबिराला कामगारांच्या घरची चाळीसेक मुलं आली होती, बहुतेक मुली. सूर्य डोक्यावर यायची वेळ त्या दिवशी बाराच्या सुमारास होती. मैदानात सकाळीच पाण्याचा पाइप ओळंब्यानं सरळ उभा केलेला. मुलांनी घरून स्टीलचे ग्लासही आणले होते, उलटे ठेवून सावली बघायला.

आणि मग शाळेच्या संचालकांना शिबिराचं उद्घाटन आठवलं.

सगळ्या मुलांना हॉलमध्ये बसवलं. मंच, सतरंजी, झेंडूचे हार, गावातले एक बडे व्यापारी प्रमुख पाहुणे. ते यायच्या आधी कोणी मैदानात जायचं नाही, असा हुकूम. साडेदहाचे अकरा झाले, अकराचे साडेअकरा. सुषमा तीनदा संचालकांकडे गेली. "सर, सूरज नहीं रुकेगा." ते हसले. "मॅडम, पाँच मिनट में क्या हो जाएगा?"

पाहुणे आले. दीप लावला, शाल झाली, श्रीफळ झालं, स्वागतगीत झालं. मी मागच्या खुर्चीत बसून घड्याळ बघत होते. बाराला दहा कमी असताना पाहुणे माइकपाशी गेले. "बच्चो, ये सब हमारे यहाँ हज़ारों साल से था. यूनानियों ने तो यहीं से चुराया."

टाळ्या! संचालकांनी सुरू केल्या, मुलांनी वाजवल्या.

आदल्याच दिवशी सुषमानं या मुलांना आर्यभटही शिकवला होता. ग्रीकांनंतर काही शतकांनी त्यानं पृथ्वीचा घेर काढला आणि काय सुंदर काढला! दोघांचाही अभिमान वाटायला जागा आहे की. पण ज्यानं काठी उभी केली, कोन मोजला, त्याला चोर म्हणायचं? आणि तेही कुठं, तर जी मुलं आज स्वतः मोजायला आली आहेत त्यांना खोलीत कोंडून? स्वतःच्या देशाचा मोठेपणा सांगायला दुसऱ्याची मेहनत पुसावी लागते, ही कुठली रीत?

सुषमा भिंतीशी उभी होती. तिनं एकदा घड्याळ पाहिलं, पदर खोचला आणि शांतपणे म्हणाली, "बच्चो, चलो बाहर."

पुढच्या रांगेतली दुर्गा नावाची मुलगी ग्लास घेऊन उठली, आणि मग सगळा हॉलच उठला. पाहुणे माइकवर "बैठिए, बैठिए" म्हणत राहिले.

मैदानात पोचलो तेव्हा पाइपच्या पायाशी बोटभर सावली उरली होती. ती आखडत आखडत गेली, आणि गेलीच. उलट्या ग्लासांभोवती काही नाही. मुलं स्वतःभोवती गरगर फिरून सावली शोधत होती. दुर्गानं एक पाय उचलला, तर सावली फक्त त्या पायाखाली. "दीदी, मोर छइँहा कहाँ गे?" ती ओरडली. माझी सावली कुठं गेली? मी चाळिशी ओलांडलेली बाई, मीही पाय उचलून पाहिला.

जगदलपूरहून फुलेश्वरीचा फोन आला. सावली चार सेंटिमीटरला जरा कमी, आणि दक्षिणेकडे पडलेली. मुलं कडुनिंबाखाली बसली. कोन निघाला दोन अंशांहून थोडा जास्त, नकाशावरचं सरळ अंतर सुमारे दोनशे चाळीस किलोमीटर. पाटीवर उत्तर आलं चाळीस हजारांच्या आतबाहेर. पृथ्वीचा खरा घेरही तेवढाच. मुलांनी जो आरडाओरडा केला, तो कारखान्यांपर्यंत गेला असेल.

संचालक तोवर व्हरांड्यात आले होते. "मॅडम, आपने मेहमान का अपमान किया है. कल से मत आइए."

मला राहवलं नाही. "अपमान कोणाचा झाला? या मुलांना दीड तास बसवून ठेवलं, तो अपमान नाही?"

"आप कौन?"

"तिची मोठी बहीण."

त्यांनी माझ्याकडे पाठ फिरवली. चहापाणी उरकून पाहुणे बाहेर आले, पाइपला हात लावून उभे राहिले, फोटो निघाले. तेव्हा दोन वाजून गेले होते. दुसऱ्या दिवशी एका हिंदी पेपरात तो फोटो छापून आला, 'शून्य छाया' असं लिहून. फोटोत पाइपची सावली त्याच्या निम्म्याएवढी स्पष्ट दिसत होती. सुषमा हसत सुटली. मला हसू आलं नाही, आजही येत नाही.

अमरावतीला परतून मी शाळेला दोन पत्रं लिहिली. उत्तर नाही. बीरगावच्या काही मुलांच्या आया संचालकांना भेटून आल्या, "देखेंगे" एवढंच ऐकून. सुषमाला आता रायपूरच्याच पंडरी भागात दुसऱ्या एका शाळेत काम मिळालं आहे, कमी पगारावर. दुर्गा तिच्याकडे रविवारी येते, दोन बस बदलून.

तुम्हाला जायचं असेल तर मेच्या शेवटच्या आठवड्यात जा, डोकं झाका, काठी सरळ आहे ना ते ओळंब्यानं तपासा. तुमच्या गावची तारीखही शोधा, महाराष्ट्रात सगळीकडे हा दिवस येतो. मी दुकानातल्या पोरींना तो दाखवणार आहे. पण राग काही उतरलेला नाही. काउंटरवर गोळ्या मोजतानाही मध्येच त्या टाळ्या ऐकू येतात.

काल सुषमाचा फोन आला. "ताई, दक्षिणेकडे परतताना सूर्य जुलैत पुन्हा येते डोक्यावर. गच्चीवर करू या वेळी. ये तू."

"जुलैत? अगं, ढग असतील ना."

"असू दे," ती म्हणाली. "पाहुणे तं नसतील."