पांढरी एक

उद्धवराव ओव्हाळांना पिंपळे गुरवात सगळे मास्तर म्हणतात. शाळेचे नव्हे, बँडचे. हयात वरातीपुढे ट्रंपेट फुंकण्यात गेली, आणि वरातीत बँड ऐकतो कोण? लोक नाचतात. डीजे आल्यापासून तेही गेलं. मी त्यांच्याकडे युफोनियम, म्हणजे जाड आवाजाचं मोठं पितळी वाद्य, वाजवायचो. पोटासाठी चाकणच्या कंपनीत शिफ्ट करतो.

मास्तरांची एकच इच्छा उरली होती. बसलेल्या, गप्प राहून ऐकणाऱ्या माणसांसमोर एकदा वाजवायचं. त्यात पुढचे दात हलायला लागलेले. ते गेले की ओठांना टेकू नाही, ट्रंपेट खुंटीला.

अशात मिनलताई भेटल्या. त्या चिंचवडच्या एका चर्चमध्ये ऑर्गन वाजवतात. नव्या इमारतीच्या समर्पणाला त्यांना एक समूहगान हवं होतं, तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा राजाच्या राज्याभिषेकासाठी रचलेलं. पण गाणारी पोरं कॅनडा-जर्मनीला पांगलेली. "गळे नाहीत, मास्तर. तुमच्या बँडवर बसवाल का?"

"जयंतीचा बँड चर्चात, राव!" वाकडला टॅक्सी चालवणारा आमचा ट्रॉम्बोनवाला चिमाजी हसला. मास्तर हसले नाहीत.

त्यांनी चार आवाज चौघांना वाटले. कागदावर वाद्याचं नाव नाही, माणसाचं. चिमाजीला दम कमी, म्हणून त्याचा लांब सूर मध्येच तोडून मला दिला. दुसऱ्या ट्रंपेटवरचा निरंजन वरच्या सुरांना फाटतो, म्हणून त्याला खालीच ठेवला. मुळात बायकांनी गायची सगळ्यात वरची ओळ स्वतःकडे घेतली. मूळ पट्टी आमच्या ओठांना झेपेना, म्हणून सगळंच खाली आणलं, आणि ताईंच्या कागदावर पट्टी लिहून दिली: पांढरी एक.

ऑर्गन आदल्या दिवसापर्यंत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, त्यात आमच्या शिफ्टा जुळेनात. ताईंनी घरी कीबोर्डवर तयारी केली, आम्ही मास्तरांच्या पत्र्याखाली. तिथेच माती खाल्ली.

रविवारी चर्च भरलं. माणसं बसलेली, गप्प. आधी एकटा ऑर्गन हळूहळू चढत जातो आणि वर पोचला की चारही आवाज एकदम फुटतात. मास्तरांनी डोळ्यांनी खूण केली. आम्ही फुंकलं.

काय सांगू! ऑर्गन एकीकडे, आम्ही दुसरीकडे. आमचं पितळ अक्षरशः उघडं पडलं. पुढच्या बाकावरच्या आजींनी कानांवर हात ठेवले. ताई थांबल्या, आम्ही थांबलो, आणि पाळकसाहेबांनी घाईघाईने प्रार्थना सुरू केली.

बाहेर ताई म्हणाल्या, "मास्तर, पांढरी एकच लिहिली होती ना?"

"व्हय. तीच तर वाजवली आमी." मास्तरांनी एकही कळ न दाबता ट्रंपेटचा मोकळा सूर फुंकून दाखवला.

ताईंनी डोळे मिटले. "ही काळी पाच आहे, मास्तर."

आम्ही बँडवाले त्या मोकळ्या सुराला पांढरी एक म्हणतो. पेटीवर, ऑर्गनवर तो काळी पाच. आमची वाद्यं सगळी एकाच घरची, त्यामुळे आपसात कधी बिनसलं नाही, आणि बाहेरचं वाद्य आमच्या शेजारी कधी बसलंच नव्हतं. मला इतका राग आला, आणि काढावा कुणावर ते कळेना.

"पुढच्या रविवारी परत करू," ताई म्हणाल्या. "ऑर्गनचा सूर बटनाने खाली आणता येतो."

"गुरुवारी दात काढायचेत."

"पुढं ढकला की," मी म्हणालो.

"पू झालाय, भावा. डॉक्टर थांबत न्हाई."

पुढच्या रविवारी मास्तर मागच्या बाकावर बसले, तोंडाला रुमाल लावून. ऑर्गन चढत गेला आणि आम्ही तिघं असे जुळलो की अंगावर काटा आला. मास्तरांची ओळ आमच्यातल्या कुणाला झेपणारी नव्हती. ती ताईंनी ऑर्गनवरच, ट्रंपेटसारखा आवाज काढणाऱ्या बटनावर घेतली. एकही सूर चुकला नाही, कुठे दम लागला नाही.

उपासना संपल्यावर त्याच आजी मास्तरांजवळ आल्या. "आज तुमच्या बँडचा ट्रंपेट काय सुंदर वाजला हो!"

मास्तरांनी रुमाल काढला नाही. नुसती मान डोलावली.