पांढरं जळू दिलं

व्हिडिओ शूटिंग मी हिंगोलीच्या एका स्टुडिओत शिकलो. मालकांचे नियम फार नव्हते, पण झेब्राच्या बाबतीत ते ऐकून घेत नसत. व्ह्यूफाइंडरला डोळा लावला की जिथं उजेड हद्दीबाहेर गेलाय तिथं तिरपे काळे-पांढरे पट्टे वळवळतात, त्याला झेब्रा म्हणतात. पट्टे आले म्हणजे तेवढा भाग जळाला, तिथं कपड्याची सुरकुतीसुद्धा टेपवर उरत नाही. "पट्टा दिसला की आयरिस बारीक कर," ते म्हणायचे. "पांढरं जाळतो तो शूटिंगवाला न्हाई." आयरिस म्हणजे कॅमेऱ्यात उजेड घेणारी खिडकी. आम्ही ती बहुतेक ऑटोवरच ठेवायचो, म्हणजे कॅमेरा आपल्या मनानं ती लहानमोठी करायचा.

तांड्यावरच्या लग्नांत, सेनगावच्या बाजारातल्या लग्नांत हे बराबर चालायचं. लाल, पिवळं, हिरवं, सगळं झकास यायचं. मग माझ्या चुलत बहिणीचं लग्न निघालं. आम्ही बौद्ध. नवरा-नवरी पांढऱ्यात, बायका पांढऱ्या पातळांत, मांडवाचं कापड पांढरं आणि वर दुपारचं ऊन. पांढरं पांढरंच यावं म्हणून मी व्हाइट बॅलन्स नीट केला, पट्टा एकदाही येऊ दिला नाही आणि स्वतःवर खूश होऊन घरी आलो.

घरचे सगळे टीव्हीसमोर बसले तेव्हा पातळांची घडी न् घडी दिसत होती. चेहरे तेवढे दिसत नव्हते. वंदनेला हात जोडून ओळीनं बायका बसलेल्या, आणि एकीलाही नाक-डोळे नाहीत. मला कोणी काही बोललं नाही. उलट आईनंच माझी समजूत घातली. "आपण हावोतच काळे. त्याला कॅमेरा तरी काय करंल?"

मला भयंकर राग आला. आधी वाटलं आईचा आला, पण तो तिचा नव्हता. तिला असं वाटावं असं काम मी केलं होतं आणि वर त्यावर खूशही झालो होतो. त्या रात्री नीट जेवलोही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला अंगणात बसवलं, तिच्या अंगावर पांढरी चादर पांघरली आणि आयरिस ऑटोवरून काढून हातावर घेतली. तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. समोर पांढरं फार आलं की कॅमेऱ्याला वाटतं ऊनच फार आहे, आणि तो खिडकी मिटून घेतो. त्याची शिक्षा चेहऱ्यांना. मी खिडकी हळूहळू उघडत गेलो. चादरभर पट्टे नाचायला लागले आणि आईचं तोंड काळोखातून वर आलं. कपाळावरचं गोंदण, डोळ्यांच्या कडेच्या बारीक रेषा, सगळं. दोन्ही मिळणार नव्हतं. कापड वाचवायचं की माणूस, एवढाच प्रश्न होता, आणि मला कापड वाचवायला शिकवलं होतं.

"झालं का? काहून बसवून ठेवलं रे? भाकरी थापायच्या हायेत," म्हणत आई उठली. तिनं काही पाहिलं नाही आणि मीही तिला दाखवलं नाही. वाटलं, आता एकदमच दाखवू.

त्याच उन्हाळ्यात माझ्या सख्ख्या बहिणीचं लग्न झालं. मालकांना मी आधीच सांगितलं की पांढरं जाळणार आहे. ते म्हणाले, "जाळ. फक्त कोनाला माझं नाव सांगू नको." सगळं लग्न मी पट्ट्यांतून पाहिलं. हात सारखा आयरिसच्या चाकावर, आणि डोक्यात एकच, की हे फसलं तर बहिणीचं लग्न पुन्हा लागणार नाही.

पाठवणीला आई अगदी कोरडी होती. बहिणीला जीपमध्ये बसवलं, "नीट ऱ्हाय" म्हणाली, आणि जीप सुरू व्हायच्या आत तिच्याकडं पाठ करून माझ्याकडं वळली. मग तिथंच, कॅमेऱ्यासमोर, ती रडली. पदर लावला नाही, मान खाली घातली नाही. आपल्या आईला असं रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. तरी मी रेकॉर्डिंग थांबवलं नाही.

पंधरा दिवसांनी बहीण माहेरी आली तेव्हा मी सीडी लावली. नवरी ओळखू येत होती, मावश्या, काकवा ओळखू येत होत्या. बायका एकमेकींना बोटांनी दाखवून हसत होत्या आणि मी मनात फुगत होतो. मग पाठवणी आली आणि पडदाभर आईचा चेहरा.

बहीण म्हणाली, "माय, मला वाटलं तू पाठ फिरवून घरात गेली. पंधरा दिवस तोच राग धरून बसले मी."

"तुला दिसू न्हाई म्हणून इकडं तोंड केलं," आई म्हणाली. "कॅमेऱ्यात कुठं आपलं तोंड दिसतं, मनलं." मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, "दिसून राहिलं व्हतं, तं सांगायचं तरी व्हतं रे मला."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. बहीण तिच्या खांद्यावर डोकं टेकून रडत होती, आणि सीडी बंद करावी की चालू ठेवावी, तेच मला कळेना.