टाकीला दार नसते

भिवंडीलगतच्या आमच्या टेमघरच्या आरोग्य केंद्रात चार खोल्या आहेत आणि नऊ पंखे. प्रत्येक पंख्याच्या पात्यावर कोणाचे तरी वडील आहेत. आधी 'कैलासवासी' किंवा 'मरहूम', मग नाव, आणि त्याखाली देणाऱ्या मुलांची नावे, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत. पंखा फिरू लागला की वडील दिसेनासे होतात. त्यामुळे देणगीदाराकडचे पाहुणे आले की सिस्टरांना पंखा बंद करावा लागतो. पाहुणे माना वर करून वाचतात, समाधान पावतात आणि जातात. रुग्ण तोवर घाम पुसत बसतात.

हे केंद्र सरकारी नाही. एका लहान धर्मादाय संस्थेचे आहे. मी तिचा विश्वस्त नाही. केवळ तिचे कागद सांभाळतो. चाळीस वर्षे मी भिवंडीतल्या यंत्रमागवाल्यांची आयकराची विवरणपत्रे भरली. कागद सांभाळण्यापलीकडे मला काही येत असेल असे कोणाला वाटत नाही, आणि ते योग्यच आहे.

पंख्यांखेरीज केंद्रात पाच घड्याळे आहेत, सात बाक आहेत, सगळ्या धर्मांची चिन्हे एकत्र मांडलेली एक मोठी फ्रेम आहे. संडास मात्र नव्हता. म्हणजे मागच्या व्हरांड्याच्या टोकाला होता. पण त्याचे भांडे फुटलेले, दार कधीच गेलेले, आणि आत जुन्या नोंदवह्यांचे गठ्ठे. इतक्या वर्षांत तो कोणी दुरुस्त केला नाही याचे कारण साधे होते. तिथे वडिलांचे नाव कोण लिहिणार?

दर मंगळवारी कल्याणहून एक डॉक्टरीणबाई येत. गरोदर बायकांना तपासत, पैसे घेत नसत. फेब्रुवारीच्या अखेरीस त्यांनी सांगून टाकले, की संडास झाला नाही तर एप्रिलपासून आपण येणार नाही. लघवीची तपासणी सांगावी तर बाई घरी जाते आणि परत येत नाही. अशा कामाला त्या तपासणी म्हणायला तयार नव्हत्या.

सिस्टर माझ्या घरी आल्या. त्या जवळच्या दिघाशी गावच्या. केंद्र खऱ्या अर्थाने त्याच चालवतात.

"साहेब, बाया सकाळपासून पानीच पीत न्हाईत," त्या म्हणाल्या. "जायचं कुठं, म्हणून. पोटुशी बाई आणि तोंडाला पानी न्हाय. आणि मी त्यांना सांगते, पानी भरपूर पीत जा. माझंच मला हसू येतं."

"विश्वस्त काय म्हणाले?"

"ते बोलले, पान्याचा कूलर देणारा एक मानूस हाय."

"म्हणजे पिण्याची सोय."

"हां. सोडायची न्हाय."

मी बघतो म्हणालो. मी सहसा असे म्हणत नाही.

मार्च महिन्यात भिवंडीला धर्म आठवतो. आर्थिक वर्ष संपत आलेले असते. वर्षभर मला टाळणारी माणसे त्या दिवसांत माझी प्रकृती विचारतात. त्यातच शेट आला.

शेट म्हणजे माझा शाळासोबती. जुन्या कोकणी मुसलमान घरातला. तीन पिढ्यांचे माग. प्राथमिक शाळेत आम्ही एका बाकावर बसत होतो, आणि तो वर्ग माझ्या वडिलांचा होता. वडील कडक शिस्तीचे. मधल्या सुटीपूर्वी कोणी करंगळी वर केली की ते पुस्तकातून डोके न काढता 'बस खाली' एवढेच म्हणत. एका सकाळी शेटने तीनदा करंगळी वर केली आणि तीनदा तो खाली बसला. पुढे काय झाले ते बाकाने पाहिले, आणि शेजारी असल्यामुळे मीही. तेव्हापासून तो मला 'छोटे मास्तर' म्हणतो. नावाने हाक मारल्याचे मला आठवत नाही.

"छोटे मास्तर, केंद्राला पंखा द्यायचा हाय," तो म्हणाला. "अब्बांच्या नावाने. पातं मात्र रुंद पाहिजे. नाव ऐसपैस बसलं पाहिजे."

"दहावा पंखा."

"मग? गरमी कमी झाली का भिवंडीत?"

"पंख्यावर करसवलत मिळत नाही."

तो उभा होता तो बसला. मी त्याला कायदा सांगितला. वस्तू दिली तर वजावट नाही. धनादेशाने पैसे दिले तर दिलेल्या रकमेच्या निम्मी वजावट. रोख दोन हजारांच्या वर गेली की पुन्हा काही नाही.

"म्हणजे ते नऊ जण?"

"त्यांना काही मिळाले नाही."

त्याला फार आनंद झाला. त्या नवांपैकी चौघे सूतबाजारातले त्याचे प्रतिस्पर्धी होते. आनंद ओसरल्यावर तो मुद्द्यावर आला.

"चेक दिला तर अब्बांचं नाव कुठं येणार?"

"पावतीवर."

"पावती कोण वाचतो? इन्कम टॅक्सवाला? त्याला काय करायचंय माझ्या अब्बांचं?"

मी म्हणालो, "गच्चीवर टाकी हवी आहे. दोन हजार लिटरची. कोन गावाहून येणाऱ्या रिक्षांतूनसुद्धा दिसेल. आणि टाकी फिरत नाही."

तो मान वर करून छताकडे पाहू लागला. नऊ वडील गरगर फिरत आहेत आणि आपले अब्बा वर स्थिर उभे आहेत, हे चित्र त्याला दिसत असावे.

"अक्षरं केवढी?"

"हातभर."

"आणि पाणी म्हणजे सवाबचं काम," तो म्हणाला. पुण्य लागते यावर मी मान डोलावली. हे पाणी पिण्याचे आहे असे मी म्हटले नव्हते.

त्याच दुपारी मी अंदाजपत्रक केले. शीर्षक दिले: 'पाण्याची टाकी व तदनुषंगिक कामे'. 'तदनुषंगिक' हा शब्द म्हणजे भाषेने माझ्यासारख्यांवर केलेला उपकार आहे. त्याच्या सावलीत पाइप, फरश्या, भांडे, मैलाटाकीची दुरुस्ती असे सारे निमूट बसले. एकही बाब खोटी नव्हती. शेटने पहिले पान वाचले, अक्षरे हातभरच ना, असे पुन्हा विचारले आणि धनादेश दिला. तो वटला. काम सुरू झाले.

माझे कार्यालय आता माझी पुतणी चालवते. ती सनदी लेखापाल आहे. एरवी ती माझ्याशी फटकळ बोलते. नम्र बोलू लागली की काहीतरी चुकलेले असते.

"काका, शेटकाकांना वजावट मिळेल असं आपण सांगितलंत का?"

"निम्मी."

"ते नव्या करपद्धतीत आहेत. तिच्यात ही वजावट नाही."

"मग यंदा जुनी घेऊ."

"एकदा जुनीत जाऊन ते परत आलेत, काका. धंदेवाल्याला दुसऱ्यांदा जाता येत नाही." तिने पडदा माझ्याकडे वळवला. "पंखा दिला असता तरी काही मिळालं नसतं. चेक दिला तरी तेवढंच."

मी काम सोडल्यावर ही नवी पद्धत आली. मी ती वर्तमानपत्रात वाचली होती. वाचणे निराळे आणि लोकांची विवरणपत्रे भरणे निराळे.

मी चार दिवस गप्प राहिलो. हे लिहून ठेवतो. पहिल्या दिवशी गवंड्याने फुटके भांडे उखडले. दुसऱ्या दिवशी टाकी गच्चीवर चढली. तिसऱ्या दिवशी फरश्या बसल्या. चौथ्या दिवशी नवे भांडे सिमेंटात पक्के झाले, आणि मी शेटच्या कारखान्यात गेलो. भांडे पक्के होईपर्यंत मी थांबलो असे कोणी म्हणाले, तर मी वाद घालणार नाही.

यंत्रमागाच्या शेडमध्ये कबुली देणे सोपे नसते. तिथे हळू आवाजात काही सांगता येत नाही.

"तुला सवलत मिळणार नाही," मी म्हणालो.

"क्या?"

"सवलत! मिळणार नाही!"

"जोर से बोल!"

मी छाती भरून घेतली आणि ओरडलो, "मी तुला चुकीचे सांगितले!" नेमकी त्याच क्षणी वीज गेली. सारे माग एकदम थांबले आणि माझे वाक्य शेडच्या पार टोकापर्यंत पोहोचले.

"सेठ के वकीलसाब रो रहे हैं क्या?" एका कारागिराने दुसऱ्याला विचारले. मी रडत नव्हतो.

"माहीत हाय मला," शेट म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"माझी सून हिशोब बघते. चेकबुक मागितलं तवाच बोलली, अब्बा, ह्यात एक पैसा सुटणार न्हाय."

"मग दिलास का?"

"चाळीस वर्षं तुझ्याकडे येतोय. हे चालंल का? न्हाय. ते चालंल का? न्हाय. बायकोच्या गाडीचं पेट्रोल? न्हाय, न्हाय, न्हाय. त्या दिवशी पहिल्यांदा तू बोललास, मिळंल." तो हसू लागला. "मी बोललो, हा एवढा खूश हाय तर कशाला मोडता घाला."

"आणि ती टाकी..."

"टाकीला फरश्या लागतात का रे? मी माग चालवतो, अंदाजपत्रक न्हाय समजत व्हय मला?"

सवलतीइतकी रक्कम मी स्वतः भरून देतो, असे मी म्हणालो आणि खिशातून चेकबुक काढले.

"बस खाली," तो म्हणाला. आवाज हुबेहूब माझ्या वडिलांचा होता. मी सुताच्या पेटीवर बसलो.

"आता मला एक सांग," तो म्हणाला. "सकाळी मी केंद्रात जाऊन आलो. भांडं हाय, नळ हाय, सगळं हाय. दरवाजा कुठाय?"

अंदाजपत्रकात पाइप खपतो, फरशीही खपते. टाकीला दार नसते. 'दार' हा शब्द लिहिला असता तर सारी लबाडी उघडी पडली असती, म्हणून मी तो गाळला; नंतर घालायचा तो विसरलो. धनादेशातले पैसे संपले होते. मार्चमधला शेवटचा मंगळवार तीन दिवसांवर होता. दार नसलेल्या संडासात एकही बाई पाऊल टाकणार नव्हती, आणि डॉक्टरीणबाई तेवढे पाहून कायमच्या परत जाणार होत्या.

"दरवाजा तू दे," शेट म्हणाला. "चेकबुक हातात हायच. पण रिवाज हाय तसा द्यायचा. वडिलांच्या नावाने. पेंटर माझा."

"मी नावे लावत नाही."

"मग बायांना सांग, मधल्या सुटीपर्यंत थांबा."

वीज आली. माग सुरू झाले. आता वाद घालायचा तर पुन्हा ओरडावे लागले असते. मी संस्थेच्या नावे धनादेश लिहिला.

सोमवारी फायबरचे दार बसले. मंगळवारी डॉक्टरीणबाई आल्या त्या थेट व्हरांड्याच्या टोकाला गेल्या. आतली कडी त्यांनी स्वतः लावून पाहिली, काढली, पुन्हा लावली. नळ सोडला. बाहेर येऊन सिस्टरांना म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यापासून तपासणीच्या बाटल्या दुप्पट ठेवा." दारावरचे नाव त्यांनी वाचले, पण काही विचारले नाही. शहाण्या बाई आहेत.

पेंटरने काम चोख केले आहे. गच्चीवर शेटचे अब्बा, हातभर अक्षरांत. खाली दारावर माझे वडील. नावापुढे 'गुरुजी', आणि त्याखाली 'यांच्या स्मरणार्थ'. अक्षरे हातभर नाहीत, पण फाटकातून वाचता येतात.

जुलैत पुतणीने माझे विवरणपत्र भरले. माझा धंदा उरलेला नाही, त्यामुळे मला दरवर्षी हवी ती पद्धत निवडता येते, आणि मी जुनीच निवडतो. या साऱ्या प्रकरणात करसवलत मिळाली ती एकट्या मला: एका दाराच्या निम्म्या किमतीवर. पुतणीने ती ओळ मला पडद्यावर मुद्दाम मोठी करून दाखवली.

शेट अजून मंगळवारी केंद्रात येतो. टाकी पाहायला आलो, असे सांगतो. सिस्टर आम्हा दोघांनाही फाटकाजवळच्या बाकावर पिटाळतात. बायकांच्या वेळेला म्हातारे पायात नकोत, असे त्यांचे म्हणणे. परवा आम्ही तसेच बसलो होतो. एक अवघडलेली बाई रांगेतून उठली आणि सिस्टरांना भीत भीत म्हणाली, "सिस्टर, जाऊ का?"

"जा की. विचारायचं काय त्यात?" सिस्टर म्हणाल्या.

बाई गेली. कडी लागल्याचा आवाज आला. शेटने मला कोपराने ढोसले.

"बघितलंस, छोटे मास्तर? मोठे मास्तर सोडायला लागले."

कडी नीट लागते एवढे ऐकून घरी आलो.