गोदामावशीचं मलम अन् माझं तोंड

हसायला आलात ना? माहीत हाय मला. कंडक्टर करून दाखव, हेडसर करून दाखव — बाळापूरच्या बाजारात मी दिसलो की लोकं हेच म्हणतात. आज न्हाई. अन् एखाद्या पोरीचं लफडं सांगीन असं वाटून राहिलं असंल, तर तेही न्हाई. गोष्ट मलमाची हाय. तीन वर्सं हे माझ्या तोंडातून निघालं न्हाई.

आमच्या शेजारी गोदामावशी राहती. दगडीपाला, कडूलिंब, वावरातली हळद — तिळाच्या तेलात कढवायची, मेण घालायची, डब्या भरायची. खुरपं लागलं, मेंढराला तारेनं फाडलं — मावशीची डबी. पण तिचा एक नेम व्हता. जखम डोळ्यानं पाहिल्याबिगर 'लाव' म्हणायची न्हाई. खोल दिसली की डबी झाकायची — "आधी दवाखाना, सुई घे. वरून बुजलं अन् आत सडलं तर?"

हे मला माहीत नव्हतं का? पाठ व्हतं! तिची नक्कल करताना हेच तर म्हणायचो.

तिचा फोन आमच्या घरी चार्जिंगला असायचा. एका दुपारी दोन दोस्त बसलेले, अन् तो वाजला. मेंढरंवाल्या संभाची बायको, रुखमा. "मावशी, डहाळा तोडताना ह्यांच्या पायावर कुऱ्हाड बसली. रगत थांबलंय. डबी हाय घरात — लावू का?"

मावशी मागच्या वावरातच व्हती. एक हाक मारायची व्हती. मी काय केलं? — गळा बारीक केला. "लाव की बाई, थापून लाव. अन् तीन दिस पट्टी सोडू नको." दोस्त तोंडात रुमाल कोंबून हसले. त्या हसण्यासाठी. बस, तेवढ्यासाठी!

रुखमानं बराबर तीन दिस पट्टी सोडली न्हाई. मावशीचा शब्द ना तो! सोडली तवा पाय काळा. नांदेडला नेलं, दोन बोटं कापली.

अन् गाव? ज्यांच्या फुटलेल्या टाचा तिनं भरून आणल्या, तेच तिच्या दारात ओरडून राहिले — म्हातारी चळली, न पाहता फोनवर 'लाव' म्हणली! संताप येतो मला त्यांचा. पण मी कुठं व्हतो? त्यांच्यातच. मावशी म्हणली, "फोन तर तुमच्याच घरी व्हता ना रे, बाळा?"

अन् मी सगळ्यांसमोर म्हणलो — "न्हाई मावशी, त्या दिशी तू सकाळीच नेला की."

ती कपाळ चोळायला लागली. मग म्हणली, "नेला असंल." दोस्तांनीही तोंड शिवलं. मावशीनं कढई माळ्यावर टाकली, ती पुन्हा खाली आली न्हाई.

परवा बाजारात पोरं म्हणली, संभाचं लंगडणं करून दाखव. अन् माझा पाय — उचलला गेला व्हता हो! अर्धा. तसाच फिरलो, मावशीच्या दारात गेलो, अन् ओकलो सगळं.

ती शेंगा फोडत व्हती. सूप फेकून मारलं.

"बेशरमा! माझा आवाज तू लहानपणापासून काढतो, त्याचं काही न्हाई. पण जखम न पाहता 'लाव' म्हणलास? माझ्या तोंडून? तीन वर्सं मी समजून राहिले, माझंच डोकं गेलं! अन् मला काहून सांगतो रे — बोटं माझी गेली का? रडू नको हितं. ऊठ! संभाच्या घरी जा. अन् तिथं म्हातारीचा आवाज काढशील तर थोबाड फोडीन."