सुनीताची पाच जानेवारी

तारीख नुसत्या आकड्यांत लिहून दिली, की रामटेके मॅडम कागद परत करत. "महिन्याले नाव नाही का? नावानं लिही न मग!" नागपुरातल्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत प्रोग्राम तपासण्याचं काम त्यांच्याकडे होतं. आम्ही प्रोग्रामर पाठीमागे हसायचो.

बुटीबोरीच्या एका कारखान्याच्या हजेरी-रजेचं काम आमच्याकडे होतं. तिथल्या सुनीता नावाच्या कामगार बाईंची बाळंतपणाची रजा नामंजूर झाली. त्या रजेसाठी आधी ठरावीक दिवस काम झालेलं लागतं. बाई रुजू झाल्या पाच जानेवारीला. आमच्या प्रणालीने ०५/०१ उलटं वाचून एक मे धरली, आणि दिवस कमी पडले. आठवा महिना लागला तरी बाई मशीनपुढे उभ्याच!

डेटाबेसला तारीख देणारी आज्ञा, म्हणजे क्वेरी, मीच लिहिली होती. मॅडम माझ्या टेबलाशी आल्या. "क्वेरीत तारखेसाठी जागा ठेवली न? मग तिथं तारीखच काहून नाही पाठवली? तू अक्षरं पाठवून राहिला, अन् सर्व्हर आपल्या मनानं महिना पहिले धरून राहिला!"

मी तपासलं होतं, पण एक जानेवारी घालून. ती उलटली तरी तीच राहते. पुढे तेरा तारखेपासूनच्या तारखांवर एरर येऊ लागली, कारण तेरावा महिना नसतोच, तेव्हा 'जमलं नाही तर उलटं वाच' असं लिहून मी ती गप्प केली होती. हे ऐकून मॅडम कडाडल्या. "वॉचमन बोंबलून राहिला होता गा, अन् तू त्याच्याच तोंडात बोळा कोंबला!"

दुरुस्ती तासाभराची होती. बिघडलेल्या जुन्या नोंदी मात्र मॅडमनी कागदी अर्ज समोर घेऊन एकेक करून सुधारल्या.

आणि आमच्या कंपनीच्या साहेबांनी काय करावं? "कारखान्याच्या क्लार्कनं तारीख चुकीची भरली, असं लिहून द्या मॅडम. नाहीतर काँट्रॅक्ट जाईन."

"अन् त्या क्लार्कची नोकरी जाईन, त्याचं काय? मी नाही लिहत."

साहेबांच्या निर्लज्जपणालाही काही सीमा असावी! मॅडमनी स्वतःच कारखान्याला कळवलं: चूक आमची आहे, बाईंना आजच रजा द्या. रजा मिळाली. शनिवारी साहेबांनी मॅडमना आणि मला आपल्या खोलीत बोलावलं. दोनदा विचारलं, "चूक नेमकी कोणाची?" मॅडमनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "तपासणी माझी होती," म्हणाल्या. सोमवारपासून येऊ नका, असं त्यांना सांगण्यात आलं.

साहेबांच्या नावानं मी आजही बोटं मोडतो. पण ती क्वेरी लिहिणारा माणूसही त्याच खोलीत होता, आणि तो खाली मान घालून बसला होता.