धुराची नळी

ओल्या लाकडाच्या धुराचा वास आला की आजही माझं डोकं फिरतं. लग्न होऊन किन्हवलीला आले, तेव्हा स्वयंपाकघरात धुरानं डोळे चुरचुरायचे, म्हणून मी मुरबाडहून नळी आणून स्वतःच्या हातानं निर्धूर चूल घातली. सरपणही निम्मं लागायला लागलं. आठवडा नाही झाला, तोच सासूनं नळीत चिखल कोंबला. चुलीवरच्या शिंक्यात काकडी-शिराळ्याचं बी टांगलेलं असायचं. "धूर नाय लागला तर बियाला कीड लागल," ती म्हणाली. "आनि माझे डोळे?" मी ओरडले. "डोळे काय पेरायचे हायेत?" आता तिला दिसत नाही. परसात नेताना ठेचकाळली की ती डोळ्यांच्या नावानं रडते. मी हात घट्ट धरते आणि म्हणते, "असू दे आई, डोळे कुठं पेरायचे होते?"